सोवळ्यातलं उत्खनन

जुईली आगाशेच्या नाकाला खाज सुटली होती आणि ते खाजवायची तिला परवानगी नव्हती.

ती खड्ड्यात गुडघ्यांवर बसली होती. अंगात पांढरा कुरकुरीत झगा, हातांत एकावर एक दोन मोजे, तोंडावर मास्क, डोक्याला टोपडं, डोळ्यांपुढे काच. वर ग्रीसमधला जुलै. ह्या अवतारात तासभर बसलं की माणूस आतल्या आत उकडून निघतो. नाक खाजवायचं तर खड्ड्यातून वर यायचं, मोजे टाकायचे, झगा टाकायचा, नाक खाजवायचं, हात निर्जंतुक करायचे, नवा झगा चढवायचा आणि वर पोपीला कारण सांगायचं. पोपी म्हणजे उत्खननावरच्या प्रयोगशाळेची प्रमुख. बाई मनाने सोन्यासारखी, पण नियमांच्या बाबतीत दगड.

जुईली मनातल्या मनात चरफडली. पुण्यात शिकत असताना तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक पांढरट तुकडा ठेवला होता आणि जिभेला लाव म्हणून सांगितलं होतं. जिभेला चिकटला तर हाड, नाही चिकटला तर दगड. तिने तो बिनदिक्कत चाटला होता. पुढे वीस वर्षं तिने माती बोटांनी ओळखली. चिकण कुठे संपते, राख कुठे सुरू होते हे तिला डोळे मिटूनही कळायचं. आता जगातल्या एका उत्तम जागेवर काम करायची संधी मिळाली, आणि तिथे मातीला हात लावायची बंदी.

जागा मात्र खरंच उत्तम होती. पेलोपोनीजच्या डोंगरात, पालिओखोरी नावाच्या गावाबाहेर, आस्क्लेपिओस ह्या आरोग्याच्या देवाचं एक जुनं ठाणं. आजारी माणसं इथे यायची, देवळाच्या ओसरीत झोपायची, देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल म्हणून वाट बघायची. नवस बोलायची आणि फेडायची. ज्याचा पाय दुखे तो भाजलेल्या मातीचा पाय वाही, ज्याला ऐकू येत नसे तो मातीचा कान. भिंतीवर जागा उरेनाशी झाली की पुजारी जुने पाय, कान, हात, स्तन, डोळे उतरवून ठेवत. पण देवाला वाहिलेली वस्तू उकिरड्यावर कशी टाकणार? मग देवळाच्या आवारातच खड्डा खणून ती पुरायची. आपल्याकडे भंगलेली मूर्ती कचऱ्यात जात नाही, त्यातलाच हा प्रकार. जुईली अशाच एका खड्ड्यात बसली होती, आणि निम्मा खड्डा अजून उघडायचा बाकी होता.

हा सगळा सोवळ्याचा थाट मशिनमुळे आला होता. मशिनचं अधिकृत नाव लांबलचक होतं. सगळे त्याला स्पर्शवाचक म्हणत. त्यामागची कल्पना तशी सोपी. भाजलेली माती सच्छिद्र असते. आपण ती हातात धरली की घाम, तेल, त्वचेच्या पेशी त्या बारीक छिद्रांत मुरतात. नंतर ती वस्तू कोरड्या, घट्ट गाळात गाडली गेली तर त्या पेशींमधले डीएनएचे धागे मातीच्या कणांना चिकटून हजारो वर्षं टिकू शकतात. स्पर्शवाचक लेझरने पृष्ठभागाचा केसाहून पातळ पापुद्रा उडवायचा, त्याची वाफ शोषून घ्यायचा आणि त्यातले धागे वाचायचा. वस्तू कुणी हाताळली, किती जणांनी हाताळली, बाई होती की पुरुष, पूर्वज कुठल्या मुलखातले, सगळं बाहेर. धागे जितके जुने तितकी त्यांची टोकं विरलेली, त्यावरून वयही कळायचं. अडचण एकच होती. पापुद्रा एकदा उडाला की गेला. एक जागा एकदाच वाचता यायची.

मशिन आल्यापासून पुरातत्त्वाचं शास्त्रच बदललं. मडकं कुठल्या शतकातलं हे आता कुणी विचारत नव्हतं, मडकं कुणाचं ते विचारत होते. आणि म्हणून खणणाऱ्यांचा हात हा सगळ्यात मोठा शत्रू ठरला. एका जरी वस्तूला उघडा हात लागला तर त्या दिवशी त्या खोलीत उघड्यावर असलेल्या सगळ्या वस्तू बाद, असा परवाना समितीचा नियम होता. काम करणाऱ्या सगळ्यांच्या लाळेचे नमुने आधीच मशिनमध्ये भरलेले होते, म्हणजे कुणाची शिंक उडाली तरी पकडली जाई. जुईली मशिनला मनात 'सासूबाई' म्हणायची, कारण स्वयंपाकघरात कुणी कशाला हात लावला हे त्याला बरोबर कळे.

तिची खरी सासू अगदी निराळी होती. शालन मोहिते, मुक्काम कराड. चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवून अर्ध्या गावाला ब्लाउज बेतायला शिकवलेली बाई. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूचं निदान झालं तेव्हा बराच उशीर झाला होता. नजर कडेने मिटत मिटत आत सरकत होती. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तिने क्लास बंद केला आणि मुलाला, म्हणजे विक्रांतला, सांगितलं, "दिसतंय तवर जुईलीचं काम बघून येती." जून संपता संपता ती पालिओखोरीत येऊन दाखल झाली आणि आठवड्याभरात शेजारणीकडून तिथली वांग्याची भाजी शिकून तिला कांदा-लसूण मसाला खिलवूनही मोकळी झाली.

सुनेला झग्यात पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. "आमच्या आजेसासूचं सोवळं असंच हुतं. पर ती निदान नाक तरी खाजवायची."

*

निकाल आला तो बुधवारी दुपारी.

लेफ्तेरिसने, म्हणजे उत्खननाच्या संचालकाने, तिला खड्ड्यातून हाक मारून बोलावलं. तो एरवी ओरडल्याशिवाय बोलायचा नाही. त्या दिवशी त्याचा आवाज खाली आला होता. पोपी मशिनशेजारी उभी होती आणि तिने मास्क काढला होता. पोपीने मास्क काढणं म्हणजे काहीतरी भयंकर किंवा काहीतरी अफाट.

पडद्यावर जुईलीने जूनच्या सुरुवातीला काढलेली डोळ्यांची पाटी होती. तळहाताएवढी मातीची पाटी, तिच्यावर उठावात दोन डोळे, डाव्याची पापणी जराशी उडालेली. मशिनने डावा डोळा आणि त्या बाजूच्या कडा वाचल्या होत्या. त्यांत तीन माणसं सापडली. एक कुंभार असावा, दुसरा बहुधा पुजारी; दोघेही आसपासचेच. तिसरी बाई होती.

"पूर्वज कुठले बघ," पोपी म्हणाली.

जुईलीने बघितलं. मग खुर्ची ओढून बसली. तिसऱ्या बाईचे पूर्वज भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, दख्खनच्या बाजूचे होते.

"तुझा नमुना पहिल्यांदा ताडून बघितला," पोपी म्हणाली. "तू नाहीस. तुझी नातलगही नाही."

ह्याचा अर्थ जुईलीला जितका कळत होता तितका त्या खोलीत कुणाला कळत नव्हता. पंधरा वर्षं ती एकच गोष्ट ओरडून सांगत होती. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सोपाऱ्याहून, चौलहून जहाजं मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून लाल समुद्रात जात होती हे सगळे मान्य करत. पण त्या जहाजांवर फक्त माल नव्हता, माणसं होती, बायका होत्या, आणि त्यांतल्या काही थेट ग्रीसपर्यंत पोचल्या होत्या, हे म्हणणं फक्त तिचं. पुरावा म्हणून तिच्याकडे काय होतं? ग्रीसमध्ये सापडलेला एक दख्खनी मणी. परिषदांत लोक तो मणी बघून हसायचे. मागून तिला 'सोपाऱ्याची बाई' म्हणायचे, हेही तिला माहीत होतं. आणि आता सोपाऱ्याची बाई खरोखरच समोर येऊन बसली होती.

"खड्ड्याचा उरलेला भाग उघडायची परवानगी आता कोण अडवतो ते बघतो," लेफ्तेरिस म्हणाला. समितीचा कल खड्डा वाळू भरून बंद करण्याकडे होता. पुढच्या पिढीकडे आणखी चांगली मशिनं असतील, त्यांनी उघडावा. "शुक्रवारी समितीपुढे मांडू. तू मांडायचंस."

जुईलीला रडू आलं आणि काचेमुळे डोळे पुसता आले नाहीत.

*

संध्याकाळी तिने घरी येऊन आईंना, म्हणजे सासूला, सगळं सांगितलं. शालनबाई ओट्याशी पिठलं घोटत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. आता त्यांना चेहरे हाताने बघायची सवय लागली होती.

"आपल्याकडची बाई? हितवर?" त्या म्हणाल्या. "डोळ्यांसाठी आली असंल बिचारी. आमच्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहत्यात, ह्यांच्याकडं मातीचे. कुठली गं पाटी? ती टेबलावर हुती ती का?"

"कुठल्या टेबलावर?"

"अगं, मला आत नेलंतंस नव्हं, त्या रविवारी. निळा दिवा लावलेल्या खोलीत."

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी गावकऱ्यांसाठी उत्खनन खुलं ठेवलं होतं. पाहुण्यांनी वस्तू काचेबाहेरून बघायच्या असा नियम. पण आईंना काचेतून नुसते डाग दिसत होते. लांबून आलेल्या बाईला डाग दाखवून परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं. गर्दी पांगल्यावर तिने त्यांना झगा घालून वाळवणीच्या खोलीत, टेबलापर्यंत नेलं होतं. तेवढ्यात लेफ्तेरिसचा फोन आला आणि ती बोलत बोलत दारापर्यंत गेली. जेमतेम दोन मिनिटं.

"आई, तुम्ही कशाला हात लावला का?"

"हात कुठला लावती? हातात मोजे हुते की." शालनबाईंनी पिठल्यात कोथिंबीर टाकली. "एक डोळ्यांची पाटी तेवढी उचलली आन् डोळ्यांना लावली. देवाची वस्तू. आपसूक झालं. काच वर सारली हुती, काही दिसंना तिच्यातून."

सासूच्या मोज्यांना दोष देता येत नव्हता. डोळे काही मोज्यांत घालता येत नाहीत.

"कुठली पाटी? पापणी उडालेली?"

"ते कसं सांगू? दोन पाट्या हुत्या शेजारी शेजारी. एक उचलली. डावीकडची असंल." त्या थांबल्या. सुनेच्या श्वासावरून त्यांना काहीतरी कळलं. "काय झालं गं?"

काय झालं ते जुईलीने सांगितलं. सांगताना स्वतःच्याच कानांना ते हास्यास्पद वाटत होतं. शालनबाईंचे पूर्वज दख्खनचे. त्यांचा नमुना मशिनमध्ये नव्हता. सुनेशी रक्ताचं नातं नाही. मशिनला सापडलेली तिसरी बाई ओट्याशी उभी राहून पिठलं घोटत असण्याची शक्यता भरपूर होती.

"पर मशिनला वय कळतं म्हणलीस."

"एरवी कळतं. पण त्या खोलीत बुरशी लागू नये म्हणून निळा दिवा असतो ना, त्याने धाग्यांची टोकं विरतात. नवा धागासुद्धा जुना दिसायला लागतो. मशिन म्हणतंय बहुतेक जुना. बहुतेक."

शालनबाई खाली बसल्या. "म्हंजे माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

जुईलीला म्हणायचं होतं, तुमच्यामुळे नाही, मीच तुम्हाला नेलं. पण त्या क्षणी तिला सासूचा, स्वतःचा, मशिनचा आणि आस्क्लेपिओसचाही भयंकर राग आला होता. पिठलं तसंच राहिलं.

*

गुरुवारी सकाळी विक्रांतला फोन केला तर तो म्हणाला, "कशाला बोलतेस? आईला धड दिसत नाही. तिने दुसरीच पाटी उचलली असेल."

"उचलली असेल, नसेलही."

"मग शक्यता अर्धी अर्धी आहे. अर्ध्या शक्यतेसाठी पंधरा वर्षं पाण्यात घालणार?"

हाच हिशेब ती स्वतः रात्रभर करत होती, म्हणून त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिचं डोकं आणखी फिरलं. खरं म्हणजे हिशेब त्याहून वाईट होता. ती बोलली तर आईंचा नमुना घेतील. जुळला तर तिची बाई गेली. नाही जुळला तरी नियमाप्रमाणे त्या रविवारी खोलीत असलेल्या सगळ्या वस्तू बाद. म्हणजे बाई खरी असली तरी कागदावर नाही. गप्प राहिली तर सगळं तिचं. शुक्रवारी उभं राहायचं, मांडायचं, टाळ्या. पुढच्या आयुष्यात कधीतरी कुणीतरी आईंचा नमुना घेईल आणि ताडून बघेल, ह्या भीतीने आईंना साधी रक्ततपासणीही करू द्यायची नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःला कधीच कळणार नाही की ती बाई होती की नव्हती.

हे शेवटचं तिला सहन होईना. पंधरा वर्षं तिने त्या बाईचा शोध घेतला होता. ती सापडली की नाही हे न कळताच तिच्या नावावर टाळ्या घ्यायच्या, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. ती मोठी सत्यवादी होती अशातला भाग नाही. फक्त हे अर्धवट राहिलेलं तिला जन्मभर कुरतडत राहिलं असतं.

शालनबाई आपणहून तयार होऊन बसल्या होत्या. नेसलेली इरकल, हातात पिशवी. "चल," त्या म्हणाल्या. "काय थुंकी-बिंकी घ्यायची ती घेऊ दे."

*

लेफ्तेरिसने टेबलावरचा कॉफीचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"मला का सांगितलंस?" तो म्हणाला. "आता मलाही समितीला कळवावं लागेल."

"माहीत आहे."

"तू दोन दिवस थांबली असतीस. शुक्रवार होऊन गेला असता."

"मग तू मला विचारलं असतंस, आधी का नाही सांगितलंस."

"हो, विचारलं असतं," तो म्हणाला. "पण खड्डा उघडल्यावर."

तो वाईट माणूस नव्हता. ह्या खड्ड्यासाठी त्याने आपली तब्येत आणि एक लग्न घालवलं होतं. त्याला चिडायचा हक्क आहे हे जुईलीला पटत होतं आणि म्हणून तिला उलट चिडताही येत नव्हतं. शालनबाई शेजारी उभ्या होत्या. भाषा कळत नसली तरी सूर कळत होता. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्यापुढे केला. रव्याचे लाडू होते. लेफ्तेरिसने त्या डब्याकडे बघितलं, एक लाडू घेतला आणि न खाता हातात धरून बाहेर निघून गेला.

शुक्रवारी समितीपुढे जुईली उभी राहिली ती हे सांगायला. पडद्यावर पाच चेहरे होते. आईंच्या लाळेचा नमुना ताडून निकाल आला होता: तिसऱ्या बाईशी जुळत नव्हता. पापणी उडालेल्या पाटीला शालनबाईंनी हात, म्हणजे डोळे, लावलेच नव्हते. पोपीने शेजारची पाटी वाचली आणि आई तिथे सापडल्या, अगदी ठळक. त्यांनी उजवीकडची पाटी उचलली होती.

"म्हणजे आमची पाटी शुद्ध आहे," जुईली म्हणाली.

"म्हणजे ती तिसरी बाई तुमच्या सासूबाई नव्हेत, एवढंच," अध्यक्षांनी सांगितलं. त्यांचा आवाज सौम्य होता, तोच जास्त लागला. "त्या दिवशी गाव फिरत होतं. पर्यटक होते. काच वर सारलेलं एक माणूस आत होतं, तर दुसरं नसेल कशावरून? दिव्यामुळे वयाचा पुरावा टिकत नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे."

"पर्यटक काचेबाहेर होते."

"पाहुणे काचेबाहेरच असतात, असं तुमच्या नियमावलीत होतं खरं."

नियम मोडणारी तीच. त्या रविवारच्या सगळ्या वस्तू बाद झाल्या. खड्ड्याचा उरलेला भाग उघडायची परवानगी नाकारली. बाद वस्तू मूळ जागी परत ठेवून खड्डा वाळूने भरायचा आणि तीस वर्षं उघडायचा नाही, असं ठरलं. जुईलीने गणित केलं. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे गेली असेल. आई नसतील.

*

खड्डा भरायच्या सकाळी पोपीने तिला मशिनपाशी बोलावलं. आईही बरोबर होत्या.

"हे अहवालात गेलेलं नाही, आणि जाणारही नाही," पोपी म्हणाली. "पण तुला बघायला हवं."

पडद्यावर दोन पाट्या होत्या, शेजारी शेजारी. मशिन धाग्यांबरोबर प्रथिनंही मोजतं. बोटांच्या घामात एक प्रकारची असतात, ओठांवर दुसरी, अश्रूंमध्ये तिसरी. कुंभार आणि पुजारी बोटांनी उमटले होते, पाटीच्या कडांवर. तिसरी बाई कडांवर कुठेच नव्हती. ती फक्त उठावातल्या डोळ्यावर होती, मधोमध. तिथे पापणीची त्वचा होती आणि अश्रू होते.

मग पोपीने आईंची पाटी दाखवली. तोच डाग, तिथेच, त्याच मापाचा.

"मी इतक्या पाट्या वाचल्या," पोपी म्हणाली. "असं कुठेच नाही. आमच्या आज्या संतांच्या तसबिरीला ओठ लावतात. डोळे कोण लावतं?"

जुईलीने आईंना मराठीत सांगितलं. पर्यटक बाई काचेपलीकडून आत शिरली असती, तर तिने हात लावला असता, बोटांनी चाचपलं असतं, फोटो काढला असता. तिने पाटी उचलून नुसते डोळे टेकवले नसते. आणि ज्या बाईचा कडांना हातच लागला नाही, तिने ती पदराच्या टोकात धरली असावी. देवाची वस्तू अशीच धरतात.

शालनबाईंनी बराच वेळ मान हलवली. "मग ती आपलीच," त्या म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "डोळे बरे झाले का गं तिचे?"

"ते मशिनला कळत नाही, आई."

"पाणी हुतं म्हणलीस डोळ्यांत."

"होतं."

शालनबाईंनी हाताने पडदा चाचपला.

जुईलीला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण त्याच्यावर संताप चढून बसला होता. जगातली ती एकटी, फार तर तिघीजणी, आता खात्रीने जाणत होत्या की ही बाई समुद्र ओलांडून इथवर आली होती. आणि हे सांगायला तोंड नव्हतं. लिहिलं तर कुणी छापणार नाही. छापलं तर लोक म्हणतील, सासूला आत घेऊन गेलेली तीच ना ही? पदराच्या पुराव्यावर शास्त्र चालत नाही. तिने स्वतःच्या विद्यार्थ्यालाही चालू दिलं नसतं.

बाहेर वाळूच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. लेफ्तेरिस खड्ड्याच्या काठावर उभा होता, पाठ करून. बाद वस्तू एकेक करून खाली चालल्या होत्या: पाय, कान, आईंची पाटी. आता त्यांना मोज्यांची गरज नव्हती. कामगार त्या उघड्या हातांनी देत घेत होते. इतकी वर्षं ज्यासाठी सगळे घुसमटले, ते सोवळं एका सहीने सुटलं होतं.

पोपीने पापणी उडालेली पाटी आणली. तिच्याही हातात मोजे नव्हते. तिने ती मऊ कागदाच्या घडीत धरली होती. "काढ की मोजे," ती म्हणाली. "निदान एकदा हातात तरी घे."

आई काठावरच्या दोरीशी उभ्या होत्या. "घे गं," त्या म्हणाल्या. "तू शोधलीस तिला."

जुईलीने पाटी घेतली ती दोन्ही मोजे हातांत असतानाच. मास्क होता, काच होती. तिला ती गालाला लावावीशी वाटत होती, डोळ्यांना तर फारच. पण मशिनने फक्त डावी बाजू वाचली होती. उजवा डोळा अजून वाचायचा बाकी होता. तीस वर्षांनी कुणीतरी हा खड्डा उघडेल. तेव्हाचं मशिन आजच्यापेक्षा शहाणं असेल, निळ्या दिव्याने फसणार नाही. त्याला ह्या उजव्या डोळ्यात फक्त ती सापडली पाहिजे, पदराच्या टोकात पाटी धरून रडणारी, एकटी. तिच्या शेजारी जुईली आगाशे सापडली तर पुन्हा सगळं बाद.

"नको, आई," ती म्हणाली. "तिच्याजवळ आता आणखी कुणी नको."

ती खड्ड्यात उतरली. कोरड्या वाळूत तिने पाटीपुरती जागा केली, पाटी उपडी ठेवली आणि वर बघून फावडं मागितलं.